दंडपाणीच्या जागी

॥ श्री ॥

तंजावूर,
९ जून २०२४

चि. अनिरुद्ध यास वेंकूअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. गुडघा आपल्या जागी आहे आणि अधूनमधून कुरकुरतो. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. एवढी वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण वर्गातल्या एका पोराची मला मधे तोडायची छाती झाली नाही. तू मात्र आजोबा झालास तरी तोडतोस. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून हा उपाय. बाबांनी छडी हातात घेऊन देवनागरी गिरवून घेतली, तिचा एवढा तरी उपयोग होऊ दे. गल्लीत हे अक्षर वाचणारे आता मी आणि समोरचे सीतारामराव, दोघंच उरलो आहोत.

बातमी अशी की दंडपाणी दुकान बंद करतो आहे. कोपऱ्यावरचा आपला किराणावाला. त्याच्या बापाकडून आपण गूळ आणायचो आणि घरी पोचेपर्यंत निम्मा संपवायचो, तो. मुलगा चेन्नईत स्थिरावला, त्याने आई-बापाला तिकडे बोलावलं. दंडपाणीला जायचं नाही, पण बायकोला नातवंडं दिसू लागली आहेत. काल मी कोथिंबीर घ्यायला गेले तर तो फळ्यांवरचे डबे पुसत होता, विकत काही नव्हता.

तू दोन वर्षांत आला नाहीस, म्हणून सांगते. पश्चिमेकडच्या मेल वीधीपासून राजवाड्यापर्यंत आता रस्त्यावर नक्षीच्या फरश्या बसवल्या आहेत. दिवे जुन्या काळासारखे दिसणारे, पण नवे. पिठाची गिरणी होती तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. शिंप्याच्या जागी पर्यटकांसाठी बाहुल्या आणि पितळी दिवे. कॉफी भाजून दळून द्यायचे ते दुकान होतं ना, तिथे आता उंच स्टुलांवर बसून कॉफी प्यायची सोय झाली आहे. नवं ते सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. दिवे छान आहेत, बेकरीवाल्याने बाहेर बाक ठेवला आहे, त्यावर मी बसते. पण या गल्लीत कॉफी सात तऱ्हेची मिळू लागली आणि तीत घालायला साखर मिळायची आता बंद होणार.

आता तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी गुडघ्याने मला अंथरुणावर पाडलं, तेव्हा तू फोनवर हट्ट धरून बसला होतास की मी पुण्याला यावं. तेव्हा मी तुला शब्द दिला: जोवर मी माझ्या पायांनी जाऊन माझा भाजी-किराणा आणते आहे, तोवर तंजावूर; ते थांबलं की पुणे. शब्द मला आठवतो, म्हणून मीच तुला कळवते आहे. पण दंडपाणीचं दुकान बंद झालं म्हणजे माझे पाय बंद झाले असं नाही. मी दुसरं दुकान बघते.

चि. सौ. सुप्रभाला आणि नात हरिताला आशीर्वाद. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
वेंकूअक्का


पुणे,
२३ जून २०२४

ती. अक्काच्या चरणी अनिरुद्धचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा सुप्रभाला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं की इतकं सरळ पत्र वकीलसुद्धा लिहीत नाही: गुन्हा स्वतःच कबूल करायचा आणि लगेच तारीख पुढे ढकलून मागायची.

अक्का, मी तुझा शब्द धरून बसणार आहे. दंडपाणी गेला की जवळचं किराणा दुकान कुठलं? कीळवासलचा बाजार. तिथवर या गुडघ्याने तू जाणार, पिशव्या घेऊन येणार, आणि वाटेत पर्यटकांच्या गाड्या. इथे तुझी खोली तयार आहे. पूर्वेची खिडकी आहे, शेजारच्या गॅलरीत तुळस आहे. हरिताला आपली भाषा कळते सगळी, बोलते मात्र इंग्रजी. तू आलीस तर तिच्या तोंडी चार शब्द येतील, हासुद्धा माझा स्वार्थ आहेच.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. सकाळी तुझा फोन उशिरा आला की मी घरात येरझाऱ्या घालतो. सुप्रभा मला चिडवते, पण तीही घड्याळाकडेच बघत असते. तू पडलीस आणि कोणाला कळलंच नाही तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपण दोघंच उरलो आहोत ग.

दुकान शोध, मी अडवत नाही. नाही सापडलं तर दिवाळी पुण्याला. आशीर्वादाचा हात पाठीवर असू दे.

तुझा,
अनिरुद्ध


तंजावूर,
२८ जुलै २०२४

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद.

दंडपाणी गेला. जाताना त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. फळ्या, तराजू, बरण्या सगळं तिथेच सोडून गेला, चेन्नईच्या फ्लॅटमध्ये ते कुठे ठेवणार.

मी हातावर हात ठेवून बसले नाही. पहिल्यांदा राजलक्ष्मीच्या सुनेने ॲपवरून सामान मागवून दिलं. राजलक्ष्मी म्हणजे आपल्या शेजारच्या वरुणरावांची बायको, तुला आठवत असेल. सामान आलं खरं. पण ते मी आणलं नाही, मला आणून दिलं. आपला करार आणण्याचा आहे, तेव्हा ते मी जमेस धरत नाही.

मग बायपासकडच्या नव्या सुपरमार्केटात गेले, ऑटोने. आत इतका गारवा की मला शालीची आठवण झाली. पाव किलो उडीद डाळ मागायला समोर माणूसच नाही, सगळं पाकिटात. परत येताना गल्लीच्या तोंडाशी पर्यटकांच्या गाड्या अडकल्या होत्या, ऑटोवाल्याने मला तिथेच उतरवलं. दोन्ही हातांत ओझं घेऊन चालत आले. घरी येऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं. हे फोनवर तुला सांगितलं नसतं. डोळे पुसले, तोंड धुतलं आणि तशीच सीतारामरावांकडे गेले, कारण दंडपाणीची जागा त्यांची.

त्यांना म्हटलं, ही जागा किराणावाल्यालाच द्या. ते म्हणाले की किराणावाला आता कोणी विचारायला येत नाही, आणि त्यांनी ती आधीच देऊन टाकली आहे. कोणाला? एका सेट्टुला! सोनं वितळवून शुद्ध करायचा त्याचा धंदा. आतल्या खोलीत भट्टी, पुढची खोली जवळजवळ रिकामी. दारावर तमिळमध्ये पाटी: सिद्धनाथ. नवराबायको आहेत; भाड्याचं बोलणं त्याने सीतारामरावांशी तमिळमध्येच केलं. आपल्याकडे उत्तरेकडून आलेला कुठलाही दुकानदार म्हणजे सेट्टु, तसाच हा एक.

परवा राजलक्ष्मीची तुटलेली साखळी दाखवायचं निमित्त करून आम्ही दोघी बघायला गेलो. आई साडीच्या दुकानात काय करायची आठवतं का? दुकानदारासमोर आपल्या भाषेत खुशाल सगळं बोलायची, त्याला काय कळणार! तसंच आम्ही केलं. तो साखळी बघत होता, त्याची बायको कोपऱ्यात बसली होती, आणि आम्ही बाकावर बसून मनसोक्त बोललो. मी म्हटलं, या भट्टीच्या वासाने गल्ली सोडून जायची पाळी येणार. म्हटलं, बाईच्या नाकावर तर माशी बसत नाही. कोणाकडे बघून साधं हसत नाही, घरी कोणी बोलायला शिकवलं नाही वाटतं. म्हटलं, दंडपाणीच्या जागी हे बसलेत, कार्तिकसुद्धा गाठणार नाहीत. राजलक्ष्मीला हसू आवरेना. ती दोघं चेहऱ्यावरची रेघ न हलवता ऐकत होती. बाहेर पडल्यावर मला फार हलकं वाटलं.

पण त्याने दुकान मिळत नाही, हेही खरं. शोध चालू आहे. दिवाळीला अजून अवकाश आहे, तिकिटाची घाई करू नकोस. सुप्रभाला आशीर्वाद. आहे तसा जीव लावून राहा.

तुझी,
वेंकूअक्का


पुणे,
८ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग डोक्याला हात लावून बसलो. अक्का, काय केलंस तू हे!

ते सेट्टु नाहीत. सोनं गाळणारे आणि पाटीवर सिद्धनाथ, म्हणजे शंभर टक्के आमच्या इकडचे, सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातले. त्यांना गलाईवाले म्हणतात. तिकडच्या गावागावांतली माणसं या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. सिद्धनाथ त्या भागाचं दैवत. माझ्या ऑफिसात तिकडचे दोघे होते, त्यांचे काका-मामा असेच मदुरै, सेलम कुठे कुठे होते. त्यांची मायबोली मराठी आहे, अक्का. आईची युक्ती तू अख्ख्या तमिळनाडूत नेमकी मराठी माणसावर चालवलीस. तू बोललेलं अक्षरन्‌अक्षर त्या बाईला कळलं.

मी चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात आलो तेव्हा माझं बोलणं ऐकून लोक हसायचे, हा कुठल्या जमान्यातली मराठी बोलतो म्हणायचे. मी खोलीवर येऊन तमिळ रेडिओ लावून बसायचो. परक्या गावात कानावर आपलं काही पडत नाही तेव्हा माणसाला कसं होतं ते मला माहीत आहे. त्या बाईच्या कानावर इतक्या दिवसांनी जी मराठी पडली ती ही.

काय करायचं ते तुला सांगायला नको, तू शाळेत पोरांना काय करायला लावायचीस ते आठव. आणि मग सगळं सोडून पुण्याला ये. इथे सगळ्यांना मराठी कळते, त्यामुळे तू आपोआप गप्प राहशील. रागावू नकोस, आणि माया पातळ करू नकोस.

तुझा,
अनिरुद्ध


तंजावूर,
२० ऑक्टोबर २०२४

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी लाज वाटत होती आणि नंतर वेळ नव्हता. आता दोन्ही सांगते.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. सकाळी अंघोळ करून तशीच गेले. राजलक्ष्मीने डोकं दुखतं म्हणून अंग काढून घेतलं. ती बाई एकटीच होती. मी उभ्या उभ्या, आपल्या भाषेत, जे बोलले त्याबद्दल क्षमा मागितली. तिने पाट सरकवला आणि मला बसायला सांगितलं. नाव वैजयंता साळुंखे, नवरा हणमंत. वयाने माझ्या विद्यार्थिनीची मुलगी शोभेल.

मी तिला विचारलं की त्या दिवशीच आम्हाला का थांबवलं नाही, तोंडावर सुनावायचं होतंस. ती काय म्हणाली ऐक. ती म्हणाली, आज्जी, इथं आल्यापासून नवरा सोडला तर एक शब्द कळेल असं कोणी बोललं नव्हतं; तुम्ही बोलायला लागलात आणि पहिल्यांदा सगळं कळायला लागलं; थांबवलं असतं तर तुम्ही बोलायच्या थांबला असता. शिव्या मलाच होत्या, पण ऐकतच राहावं वाटलं.

अनिरुद्ध, मी तिथेच पदर तोंडाला लावला. ती मलाच पाणी द्यायला उठली. मग म्हणाली की माझं बोलणं तिच्या पणजीसारखं आहे. मी रागावले नाही.

रोज जाऊ लागले. जाता-येता कळलं की तिच्या आईचं विट्याजवळच्या गावात किराणा दुकान होतं आणि लग्न होईपर्यंत ही गल्ल्यावर बसायची. डाळ मुठीत धरून वजन सांगते. मी दंडपाणीच्या रिकाम्या फळ्यांकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. भट्टी आत, दुकान बाहेर! हणमंताला तयार करायला तिला दोन जेवणं पुरली. सीतारामराव मात्र अडून बसले. एका जागेत दोन धंदे चालणार नाहीत म्हणाले, आणि तमिळचा गंध नसलेली बाई गिऱ्हाईक काय सांभाळणार. तेव्हा मी रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले आणि त्यांचं वर्तमानपत्र त्यांच्याआधी वाचू लागले. शब्दकोडंही सोडवून ठेवत होते. शेवटी पेपर कोरा मिळावा म्हणून त्यांनी होकार दिला.

आयुधपूजेला दंडपाणीच्या तराजूला हळदकुंकू लावलं आणि विजयादशमीला दुकान उघडलं. दंडपाणीने चेन्नईहून फोन करून कीळवासलच्या घाऊक व्यापाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. सकाळभर मी गल्ल्याशेजारी बसते. गिऱ्हाईक तमिळमध्ये मागतं, मी मराठीत सांगते, ती वजन करते आणि तमिळमध्ये रक्कम बोलते. आकडे मी तिला आधी शिकवले, गणिताची बाई आहे ना. आता ती उडदाला, तुरीला, गुळाला तमिळ नावाने हाक मारते. पहिले दोन-तीन दिवस गल्लीतल्या बायका नुसत्या बघायला येत होत्या, आता पिशव्या घेऊन येतात. कॉफीच्या स्टुलांवरची कॉलेजची मुलंसुद्धा चिक्की न्यायला येतात. ती चिक्की तिच्या गावची.

भट्टीचं म्हणशील तर हणमंताने मागच्या अंगाला उंच धुराडं बसवलं आहे. वास येतो थोडा. मी आता त्याबद्दल बोलत नाही.

तर मी माझ्या पायांनी जाऊन माझा किराणा आणते आहे, हे तुला रीतसर कळवते. दिवाळीला मी येत नाही. तुझी तयारी वाया गेली याचं मला वाईटही वाटतं, ते खोटं नाही. सुप्रभाला म्हणावं राग धरू नकोस. कृपा नव्हे, लोभच मागते आहे.

तुझी,
वेंकूअक्का


तंजावूर,
१७ जानेवारी २०२५

चि. अनिरुद्ध यास आशीर्वाद.

पोंगल झाला. थोडक्यात लिहिते.

सीतारामरावांची दुकानांची सबंध रांग, दंडपाणीची जागा धरून, विकली गेली. त्यांच्या मुलांनी परस्पर ठरवलं, म्हाताऱ्याचं काही चाललं नाही. तिथे हॉटेल होणार आहे, खाली गाड्या लावायला जागा. मार्चअखेर सगळ्यांनी खाली करायचं. भट्टीला सराफांच्या गल्लीत जागा मिळाली, ती लांब आहे. किराणा दुकानाला या भागात कुठेच जागा नाही. मी प्रत्येक दार वाजवून आले. जे देऊ शकतात ते कॅफेवाल्याची वाट बघत आहेत.

शब्द दिला होता. येते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याचं तिकीट काढ, खालचा बर्थ बघ. लोणच्याच्या बरण्या राजलक्ष्मीला देते आहे. घराचं काय करायचं ते मी तिकडे आल्यावर बघू.

तुझ्या मनासारखं होतं आहे, तेव्हा मला हिणवू नकोस.

वेंकूअक्का


तंजावूर,
१९ जानेवारी २०२५

ती. अनिरुद्धकाका यांस, वैजयंता हणमंत साळुंखे हिचा शिरसाष्टांग नमस्कार.

काका, तुम्ही मला बघितलं नाही, पण आज्जींच्या बोलण्यातून मी तुम्हाला ओळखते. पत्ता त्यांच्या पाकिटावरून घेतला. विचारून घेतला नाही, त्याबद्दल माफी असावी. त्यांना हे पत्र माहीत नाही.

जागा गेली हे त्यांनी तुम्हाला लिहिलं असणार. लिहिलं नसणार ते मी सांगते. जागा आहे, काका. तुमच्याच घरात आहे. रस्त्याकडेची खोली, जिला ओट्यावर उघडणारं वेगळं दार आहे, कुलूप लावलेली, ती. मी आज्जींना बोलून गेले की आपलं दुकान इथंच टाकू, रस्ता तोच, गिऱ्हाईक तेच, दोन उंबरे फक्त पुढं. तर आज्जी माझ्यावर पहिल्यांदाच ओरडल्या. पुन्हा तोंडातून काढायचं नाही म्हणाल्या.

मी पण हट्टी आहे. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी कुलूप काढून दाखवलं. तुमची खाट, कॉलेजची पुस्तकं, कॅरमबोर्ड, खुंटीवर तुमचा शर्ट. दर शुक्रवारी त्या स्वतः झाडतात, मला हात लावू दिला नाही. म्हणाल्या की घरावर नाव दोघांचं आहे, पण ही खोली अनिरुद्धची. ही गेली तर त्याला यायला तंजावूर कुठलं उरेल. तुम्हाला विचारू का म्हटलं तर म्हणाल्या, त्याला विचारलं की तो हो म्हणेल, म्हणूनच विचारायचं नाही.

काका, मला दुकान पाहिजे, ते मी लपवत नाही. माझे मालक म्हणतात सराफ गल्लीत बस घरात, काम काय कमी आहे का. मी बसणार नाही. मला या गावात तोंड उघडायला या दुकानानं शिकवलं. पण त्याच्यासाठी लिहीत नाही. आज्जी बरण्या वाटत सुटल्यात. पेटी माळ्यावरनं खाली काढली, तीत चार लुगडी घातली आणि झाकण उघडं टाकून तिच्यासमोर बसून राहतात. काल दुकानात आल्याच नाहीत. लई वाईट वाटतं बघून.

मोठ्यांच्या घरात बोलले, चुकलं असेल तर लेक समजून पोटात घाला. काकूंना नमस्कार.

आपली,
वैजयंता


पुणे,
३० जानेवारी २०२५

ती. अक्काच्या चरणी अनिरुद्धचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आधी आलं, वैजयंताचं नंतर. तिला रागावू नकोस, ती माझी बाजू घेऊन लिहीत नव्हती आणि स्वतःचीही घेऊन लिहीत नव्हती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं, ऑनलाइन नाही, जाऊन. येताना मिठाई आणली. सुप्रभाने तुझ्यासाठी नवी चादर घातली. हरिताने विचारलं की आजीला कॅरम येतो का. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवत नाही. मग वैजयंताचं पत्र आलं. मी ते वाचलं आणि खणात टाकलं, सुप्रभालाही सांगितलं नाही. गप्प राहिलो असतो तर तू आली असतीस. दोन दिवस मी गप्प राहिलो, अक्का.

तिसऱ्या दिवशी सुप्रभाने कोथिंबीर मागवली. फोनवरून. खालचा रस्ता ओलांडायचा तिला धीर होत नाही, मलाही होत नाही. गाड्या थांबतच नाहीत. इथे भाजी लिफ्टच्या दाराशी येते आणि आम्ही दार उघडून ती आत घेतो. मी तुला त्या दारात उभी करून पाहिलं. ज्या बाईने सीतारामरावांचा पेपर वाचून दुकान मिळवलं, तिला मी कोथिंबिरीसाठी नातीला हाक मारायला लावणार होतो. मग मी खण उघडला आणि पत्र सुप्रभाच्या हातात दिलं. ती वाचून रडली आणि म्हणाली, लिहा.

तुला वाटतं ती खोली आहे म्हणून मी तंजावूरला येतो. खाटेसाठी कोण येतं अक्का? शर्ट फेकून दे, मला तो कधीच होणार नाही. पुस्तकं रद्दीत घाल. खाट आतल्या सोप्यात टाक, कॅरमबोर्ड हरितासाठी ठेव, आणि दंडपाणीच्या फळ्या आणि तराजू त्या खोलीत लावून घे. घरावर दोघांचं नाव आहे, तेव्हा माझी परवानगी कागदावर पाहिजे असेल तर हीच ती. वकिलाकडून पाहिजे असेल तर तीही पाठवतो. मार्चअखेर म्हणजे वेळ थोडा आहे, रंग द्यायचा असेल तर आत्ताच माणूस सांग. बरण्या राजलक्ष्मीकडून परत माग. लाज वाटली तर वैजयंताला पाठव, तिला लाज वाटत नाही हे मला कळलं आहे.

तुझं तिकीट रद्द केलं. त्याच तारखेच्या आसपास आम्ही तिघं येतो. सोप्यात झोपायला जागा कमी पडली तर मी ओट्यावर झोपेन, रस्त्यावरची माणसं बघत. मला तुझ्याजवळ राहायचं होतं, अजून राहायचं आहे, आणि तू म्हातारी होते आहेस हे मला सहन होत नाही. पण त्याचा इलाज तुला इथे आणून बसवणं हा नाही, एवढं मला कळलं.

वैजयंताला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, लेक म्हणून लिहिलं होतंस, तर आता हे उत्तर बापाचं समजून वाचून घे.

शब्दाचं म्हणशील तर तो तू मला दिला होतास, तेव्हा त्यातून तुला सोडवायचा हक्कही माझा. मी सोडवलं. धाकटा असून पहिल्यांदा तुला आज्ञा करतो आहे, ती मोडू नकोस. पुण्याला येऊ नकोस.

तुझाच,
अनिरुद्ध